'अजून' नावाचं कापड

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत आणि अयाबा दावी जनरलसाहेबांना उलटे टांगते आहे.

मुद्दाम नाही. आग्लोमेच्या मोठ्या बाजारात या वेळी अंधार असतो. दिवा एकच, तोही मासळीच्या रांगेत. आणि कापडावर जनरलसाहेब इतके दाट छापलेले आहेत की डोकं कुठल्या बाजूला हे अंदाजानेच ठरवावं लागतं. ती मागे सरते, मान वाकडी करून पाहते, "अगं बाई, साहेब, चक्कर येईल," म्हणते, तागा खाली घेते आणि पुन्हा सुलटा अडकवते. बांबूच्या काठीने काठ सारखा करते. आता सगळे जनरलसाहेब चर्चच्या फाटकाकडे बघत असतात, आणि सकाळच्या प्रार्थनेहून बाहेर पडणाऱ्या बायका त्यांच्याकडे.

"दावी, आज लवकर? या वयात झोप लागत नाही म्हणतात," पाठीमागच्या गाळ्यातून देदेचा आवाज येतो.

"तुझंच पाहून शिकते, दावी. धाकटीने थोरलीचं पाहूनच शिकायचं."

दावी म्हणजे ताई. विकायला बसलेली कुठलीही बाई गिऱ्हाइकाला दावीच असते. पण दोन विकणाऱ्यांमध्ये धाकटीने थोरलीला दावी म्हणायचं असतं, आणि म्हणूनच अयाबा आणि देदे कित्येक वर्षं एकमेकींना आवर्जून दावी म्हणत आल्या आहेत. दोघींचीही साठी उलटली आहे. जन्माचा दाखला दोघींकडेही नाही, त्यामुळे या वादाचा निकाल लागेल असं कुणाला वाटत नाही.

अयाबाचा गाळा कोपऱ्यावर आहे. दोन बाजूंनी उघडा, एक बाजू चर्चकडे, दुसरी समुद्राच्या रस्त्याकडे. आई आक्वेलेकडून तो तिला मिळाला. देदेचा गाळा बरोबर मागे, खारवलेल्या आणि धुरी दिलेल्या मासळीला चिकटून. देदेकडून कापड नेलं की मांजर घरापर्यंत सोबत येतं, असं अयाबा गिऱ्हाइकांना सांगते. देदे म्हणते, येऊ दे की, अयाबाच्या कापडामागे तर नवरासुद्धा येत नाही. अयाबाचा नवरा फार वर्षांपूर्वी गॅबनला लाकडाच्या कंपनीत कामाला गेला आणि तिथून फक्त फोटो पाठवत राहिला. त्यावर्षी निळ्या पिसांचं एक नवं कापड बाजारात आलं होतं. अयाबाने त्याचं नाव ठेवलं, 'फोटोत बरा दिसतो'. ते इतकं खपलं की गिरणीला ते तीनदा छापावं लागलं. नवऱ्याने संसाराला लावलेला हातभार तेवढाच, असं ती सांगते आणि हसते.

नाव ठेवणं हा अयाबाचा खरा धंदा.

आमच्याकडे बिननावाचं कापड कुणी बाई नेसत नाही. गिरणीतून कापडावर नुसता आकडा येतो. आकडा मागून कोण घेणार? "मला सहा वार 'सवतीची झोप' द्या" असं मागता आलं पाहिजे, आणि ते नेसून गल्लीतून गेलं की जिला समजायचं तिला समजलं पाहिजे. नाव चांगलं लागलं तर भिकार नक्षीही खपते. नाव पडलं नाही तर परदेशी छपाईसुद्धा उशांच्या अभ्र्यांत जाते. नाव कुणीही ठेवत नाही. या बाजारात ते काम आधी आक्वेलेचं होतं, आता अयाबाचं आहे. नव्या नक्षीची पहिली गाठ तिच्या कोपऱ्यात येते, सगळ्या कापडवाल्या जमतात, दोऱ्या कापल्या जातात, ती पहिली घडी उलगडते, आणि तिच्या तोंडून जो पहिला शब्द निघेल ते त्या कापडाचं नाव. शब्द परत घेता येत नाही. बदलता येत नाही. आक्वेलेला एकदा गाठ सोडताना धुळीने ठसका लागला, तर त्या तपकिरी ठिपक्यांच्या कापडाचं नाव 'खोकला' पडलं. थंडीच्या दिवसांत, उत्तरेकडून धुळीचे वारे सुटले की, त्याला अजून मागणी येते.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हरकत नाही, कारण सगळ्या बाजाराला ती माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. गाठ आदल्या दिवशी गुपचूप अयाबाच्या घरी जाते. ती एक टोक उसवून पाहते, जेवताना विचार करते, नाव ठरवते, टोक शिवून टाकते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ती गाठ पहिल्यांदाच पाहिल्यासारखे डोळे मोठे करते. देदे म्हणते, त्या वेळचा तिचा चेहरा पाहायलाच अर्धा बाजार जमतो.

जनरल बातांता यांची कारकीर्द या गावात कापडाच्या नावांनी मोजतात.

ते आले तेव्हा कॅप्टन होते. शुक्रवारची सकाळ होती. रेडिओवर बातम्यांऐवजी बँड वाजत राहिला, आणि मग एक बारीक, थोडा लाजरा आवाज म्हणाला की आम्ही सत्तेसाठी आलेलो नाही, मी या घरातला पाहुणा आहे, घर लावून झालं की बराकीत परत जाईन. राष्ट्राध्यक्ष तोपर्यंत होडीत बसून शेजारच्या देशात पोचले होते. जाताना त्यांनी स्वयंपाकी नेला, असं लोक अजून थोड्या हळहळीने सांगतात. वर्षभराने वर्धापनदिनाचं पहिलं कापड आलं. त्यावर तेहतीस वर्षांचा एक सडपातळ कॅप्टन, बारीक मिशी, डोळ्यांत नुकतं परीक्षेला बसल्यासारखा भाव. आक्वेलेने घडी उलगडली आणि म्हणाली, 'पाहुणा'. कापड आवडीने खपलं. माणूस सगळ्यांना आवडलाही होता. बंदरावरची लाच कमी झाली होती आणि रस्त्यांवर दिवे लागले होते.

पाचव्या वर्षी ते कर्नल झाले. कापडाचं नाव 'पाहुणा जेवायला थांबला'.

दहाव्या वर्षी जुनी राज्यघटना गेली आणि नवी आली. नवी चांगली जाड होती, पण मुदतीबद्दलचं पान तिच्यात काही केल्या सापडेना. तोपर्यंत ते जनरल झाले होते. कापडाचं नाव 'पाहुण्याने पेटी उघडली'. आक्वेलेने ठेवलेलं हे शेवटचं नाव.

पंधराव्या वर्षी जनरलसाहेबांनी वर्दी उतरवली, पायघोळ पांढरा अंगरखा घातला आणि निवडणूक लढवली. समोर कुणी उभं नसल्यामुळे लढत अटीतटीची झाली नाही. अयाबाने त्या कापडाला नाव दिलं, 'पाहुणा घर दाखवतो'. विसाव्याला, 'पाहुण्याच्या चपला सापडत नाहीत'. चपलांच्या नावावर आग्लोमे महिनाभर हसत होतं. राजधानीला यातलं काही कळलं नाही. तिथल्या मंत्रालयाने उलट कौतुकाने कळवलं की आपल्या लोकांच्या आदरातिथ्याची परंपरा या नावांतून दिसते. राजधानीतल्या माणसांना बाजारातलं बोलणं समजायला वेळ लागतो. ते फार शिकलेले असतात.

पण हे हसणं फुकटचं नव्हतं, हे अयाबाला पक्कं माहीत होतं. किनाऱ्यावरच्याच दुसऱ्या एका गावात एकीने विसाव्या वर्षाच्या कापडाला नुसतं 'खुर्ची' म्हटलं होतं. आठवड्याच्या आत राज्यप्रमुखांच्या प्रतिमेचा अवमान म्हणून तिचा गाळा गेला. आता तिथे लष्कराचं कॅन्टीन आहे आणि ती बाई रस्त्याच्या कडेला कसावाच्या कंदाचा भरडा विकते. पाहुण्याला पाहुणा म्हटलं तर गोड लागतं. खुर्चीला खुर्ची म्हटलेलं लागत नाही. तेवढ्या फटीतून अयाबा इतकी वर्षं निसटत आली होती.

पंचविसाव्या वर्षी फट बुजली.

त्या वर्षी कापड बंदरातच अडकलं. गाठी आल्या त्या वर्धापनदिनाचा सोहळा तोंडावर असताना, सरकारी ट्रकमधून, थेट बाजारात, भर सकाळी. घरी नेऊन टोक उसवायला वेळच मिळाला नाही. ट्रकवाल्याने गाठ कोपऱ्यात आपटली, बायका धावत आल्या, कुणीतरी दोऱ्या कापल्यासुद्धा. अयाबा हातातला मक्याचा उंडा तसाच पानात टाकून उठली, बोटं पुसली आणि घडी उलगडली.

तारे पंचवीस होते. काठावर सोनेरी रंग होता. पदकं छातीवर मावत नव्हती म्हणून काही बाजूला छापली होती. आणि मधोमध तोच सडपातळ कॅप्टन, तीच बारीक मिशी, तीच परीक्षेची नजर. गिरणीने पंचवीस वर्षं तोच फोटो वापरला होता. पहिलं कापड अयाबाने आईशेजारी उभं राहून पाहिलं तेव्हा ती या माणसाहून थोडीच मोठी होती. आता त्याची आई शोभली असती.

तिच्या तोंडून निघालं, "अजून?"

एवढंच.

मग मागून कुणीतरी खुदकन हसलं, कुणीतरी तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला, आणि बघता बघता रांगेतून, मासळीतून, टोमॅटोच्या टोपल्यांवरून 'अजून' पार बसथांब्यापर्यंत गेला. गाठीजवळ सगळ्यात पुढे देदे उभी होती. ती हसली नाही. तिने अयाबाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "दावी, हे काय बोललीस?"

"घास तोंडात होता," अयाबा म्हणाली.

"घास पानात होता. मी बघत होते."

दुपारपर्यंत कापडाचा ट्रक रिकामा झाला. आग्लोमेत इतकं कापड एका दिवसात कधी खपलं नव्हतं. शिंप्यांनी रांगा लावल्या. चर्चच्या गायनमंडळाने गणवेशासाठी तेच घेतलं. मोटारसायकल टॅक्सीवाले सिग्नलला थांबले की एकमेकांना ओरडून विचारायचे, "अजून?" आणि दुसरा मान हलवून म्हणायचा, "अजून!" शाळेतल्या पोरांनी तर मास्तरांच्या तासालाही तो शब्द लावून टाकला. गुंडाळायचं कापड अंगाभोवती गेल्यावर कुठला चेहरा कुठे जाईल हे सरकारलाही ठरवता आलेलं नाही. बसताना बायका थोडं सावरतात, आणि मग बसतातच.

चौथ्या दिवशी जिल्ह्याचे कमांडंट नाबेदे गाळ्यावर आले. शिस्तीचा, इस्त्रीचा, जेमतेम पस्तिशीचा माणूस. जनरलसाहेब आले तेव्हा हा चड्डीत होता. बरोबर दोन शिपाई, पण ते मागे उभे राहिले. बाजार एकदम कामाला लागला, म्हणजे जो तो जे आधीच घडी घातलेलं होतं त्याची पुन्हा घडी घालू लागला.

"नमस्कार, आई," कमांडंट म्हणाले. आमच्याकडे वर्दीतला माणूससुद्धा वयाच्या बाईला आईच म्हणतो, मग पुढे काहीही करायचं असो. "घरचे सगळे बरे?"

"बरे आहेत, बाळा. तुमचे?"

"बरे आहेत. बसू का?"

"बसा. ते स्टूल नको, त्याचा पाय डुगडुगतो. या ताग्यांवर बसा."

तागे जनरलसाहेबांचे होते. कमांडंट खाली वाकले, पाहिलं, आणि उभेच राहिले.

"आई, एकच विचारायचं आहे. राजधानीहून फोन आला होता. या कापडाचं नाव तुम्ही ठेवलंत?"

"नाव मी ठेवत नाही, साहेब. तोंडातून निघतं."

"काय निघालं?"

"अजून."

"ते मला कळलं. मला एवढंच हवं आहे," कमांडंटनी आवाज खाली आणला, "की तुम्ही ते म्हणालात, की विचारलंत?"

सगळ्या बाजाराला हा प्रश्न समजला. 'अजून हवं' असं असेल तर ते प्रेम. 'अजून आहेच?' असं असेल तर गाळा गेला. आमच्या बोलीत शब्द तोच, फक्त शेवटी आवाज वर गेला की प्रश्न होतो, आणि कापडावर आवाज छापता येत नाही. कमांडंट पाहत होते गाळ्याकडे, दोन्ही उघड्या बाजूंकडे, छपराला टेकू देणाऱ्या लाकडी खांबाकडे. पाहण्यात वाईट काही नव्हतं. माणूस जागा पाहतो तसं ते पाहत होते.

अयाबा म्हणाली, "साहेब, एवढ्या गडबडीत आवाज वर गेला की खाली, हे मला कसं सांगता येईल? मला दम्याचा त्रास आहे."

"जवळ कोण होतं?"

इथे अयाबाने पहिल्यांदा डोळे खाली घातले. जवळ कोण होतं हे सगळ्यांना माहीत होतं. आणि त्या जवळच्या बाईला हा कोपरा किती वर्षांपासून हवा आहे, तेही. देदेने आक्वेलेच्या मृत्यूनंतर बाजार समितीकडे त्याच्यासाठी अर्ज केला होता. मग दोनदा भांडण केलं होतं. एकदा चर्चमध्ये नवसही बोलली होती, आणि तो नवस काय आहे हे तिने अयाबाला स्वतःच सांगितलं होतं, म्हणजे तिला रात्री झोप लागू नये.

"मी होते," मागून देदे म्हणाली. हात ॲप्रनला पुसत ती पुढे आली. हाताला मासळीचा वास होता. कमांडंट किंचित मागे सरले.

"तुमचं नाव?"

"देदे. मागचा गाळा माझा. वाऱ्याची दिशा बघून उभे राहा, साहेब, नाहीतर बायको घरात घेणार नाही."

"तुम्ही ऐकलंत?"

"अगदी समोर होते. थुंकी उडाली अंगावर."

"मग सांगा. म्हणाल्या की विचारलं?" कमांडंटनी क्षणभर थांबून पुढचं वाक्य जोडलं. "गाळा रिकामा झाला तर समितीला तो माहिती देणाऱ्यालाच द्यायला सांगता येईल. तशी तरतूद आहे."

बाजारात घड्या घालणारे हात थांबले. अयाबा हातातल्या मापाच्या काठीवर नखाने रेघ ओढत राहिली. देदेने कोपऱ्याकडे पाहिलं. चर्चच्या बाजूने पाहिलं, मग समुद्राच्या रस्त्याच्या बाजूने. घाई केली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "मला गाता येत नाही, त्यामुळे आवाजाचं नक्की काही सांगता येणार नाही. पण मंगळवारी तुमच्या बाईसाहेब माझ्याकडे आल्या होत्या. अयाबाकडे गर्दी होती म्हणून माझ्याकडे आल्या, नाहीतर कशाला येतील? सहा वार नेलं. म्हणाल्या, 'दावी, अजून.' त्या जशा म्हणाल्या ना, अगदी तशीच अयाबा म्हणाली. खाली नाही, वर नाही. हुबेहूब. आता तुम्हीच त्यांना घरी जाऊन विचारा, की म्हणालीस की विचारलंस?"

कुणी हसलं नाही. पण टोमॅटोवाली एकदम खाली वाकून टोपलीत काहीतरी शोधू लागली, आणि तिचे खांदे हलत होते.

कमांडंट नाबेदेंनी देदेकडे पाहिलं. मग अयाबाकडे. मग ताग्यावरच्या त्या सडपातळ कॅप्टनकडे. शेवटी म्हणाले, "म्हणजे अजून हवं. असंच ना?"

"अजून हवं," देदे म्हणाली.

"अजून हवं," अयाबा म्हणाली.

"मग ते नीट म्हणत जा," कमांडंट म्हणाले. "शेवटी जोर देऊन." टोपी घातली आणि निघाले. वाटेत टोमॅटोवालीकडून टोमॅटोही घेतले. बायकोने सांगितले असावेत.

ते दिसेनासे झाल्यावर अयाबा डुगडुगत्या स्टुलावर बसली. स्टूल कलंडलं. देदेने हात धरून उठवलं.

"का गं?" अयाबाने विचारलं.

"काय का गं? तुझा कोपरा मिळाला असता. मग? पुढच्या कापडाला नाव कोण ठेवणार? मी? माझ्या तोंडून पहिला शब्द निघणार 'बांगडा'. 'बांगडा' नेसून कोण जाईल लग्नाला? बिननावाचे तागे घेऊन तुझ्या कोपऱ्यात काय माशा मारत बसू?"

"तेवढंच?"

"तेवढंच नाही. दर शुक्रवारी चर्चकडची बाजू माझी."

"शुक्रवारी चर्चला कोण जातं?"

"तू नको काळजी करूस, थोरले."

थोरली. भर बाजारात, सगळ्यांसमोर, अयाबाला थोरली ठरवलं गेलं होतं आणि त्या दिवशी तरी तिला नाही म्हणता येत नव्हतं. गाळ्याच्या एका बाजूपेक्षा हा शब्दच आपल्याला जास्त महाग पडला, असं ती अजून सांगते.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, असं आग्लोमेतल्या बऱ्याच जणांचं मत आहे.

पण कमांडंट नाबेदे हा काळजीपूर्वक माणूस. उद्या कुणी दुसऱ्या अर्थाने बोट दाखवू नये म्हणून त्यांनी राजधानीला सविस्तर कळवून टाकलं, की आग्लोमेच्या बाजाराने उत्स्फूर्तपणे जनरलसाहेबांच्या कापडाला 'अजून!' असं नाव दिलं आहे, उद्गारचिन्हासह. राजधानीला ते फार आवडलं. इतकी वर्षं मंत्रालयातली हुशार माणसं घोषणा जुळवत बसली होती. 'एकता, श्रम, प्रगती' वगैरे. त्यातली एकही कुणाच्या तोंडी बसली नव्हती. इथे लोकांनी स्वतःहून, एका शब्दात सगळं सांगून टाकलं होतं. आठवड्याच्या आत रस्त्यांवर पांढरी कापडं ताणली गेली, 'अजून!' पोस्टाच्या तिकिटावर 'अजून!' बंदरावरच्या क्रेनवर 'अजून!' रेडिओवर बातम्यांआधी बायकांच्या आवाजात तीनदा 'अजून!' आणि मग घंटा.

सोहळ्याला राजधानीच्या मैदानावर आग्लोमेच्या कापडवाल्यांना खास बोलावणं आलं. सरकारी बस, पाण्याच्या बाटल्या, पुढची रांग. अयाबा आणि देदे शेजारी शेजारी, दोघीही 'अजून' नेसून. जनरलसाहेब बाहेर आले. कापडावरच्या माणसाचे वडील वाटत होते. पोट सुटलं होतं, मिशी गेली होती, आवाज मात्र तोच होता, बारीक आणि थोडा लाजरा. मैदान ओरडलं, "अजून!" शिकवलं होतं तसंच, शेवटी जोर देऊन. आणि त्या जोरात जवळजवळ प्रत्येकाने आपापल्या मनाने थोडा आवाज वर नेला होता. पन्नास हजार माणसांचा आवाज थोडा थोडा वर गेला की ऐकायला फार मजा येते. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. टीव्हीवर ते भक्तीचं दिसलं.

जनरलसाहेब हात वर करून थांबले.

"मी तुमच्या घरी पाहुणा म्हणून आलो होतो," ते म्हणाले. "खरं सांगतो, या वर्षी मी जायचं ठरवलं होतं. गावाकडे थोडी शेती घेतली आहे. पेटीही भरायला काढली होती. पण तुम्ही म्हणता, अजून. लोकांना नाही म्हणणारा मी कोण?"

पुढची सात वर्षं त्याच वाक्यात जाहीर झाली.

बँड लगेच सुरू झाला, त्यामुळे मैदान किती वेळ गप्प होतं हे टीव्हीवर कळलं नाही. पुढच्या रांगेत मात्र देदेने मान न वळवता, ओठ न हलवता म्हटलं, "थोरले, एका शब्दात सात वर्षं. घास तरी गिळायचा होतास."

"घास पानात होता," अयाबा म्हणाली.

जनरलसाहेब खरं बोलत होते का, हा प्रश्न आग्लोमेत अजून सुटलेला नाही. शेती घेतली होती हे नक्की. गावच्या लोकांनी कुंपण पाहिलं आहे. पेटीबद्दल कुणाला माहीत नाही. खरंच जाणार असतील तर त्यांना अयाबाने थांबवलं, आणि जाणार नसतील तर तिने त्यांची सोय केली. दोन्हीकडून ती अडकते. पहिले काही दिवस बायका तिला रस्त्यात थांबवून हसत हसत हात जोडायच्या, "दावी, पुढच्या वेळी शिंक." तिने स्वतः यावर एवढंच सांगितलं, की आईला निदान ठसका लागला होता.

गाळा राहिला. तो राहणार का, हेच तर पणाला लागलं होतं, आणि त्याबद्दल ती कुणाची माफी मागत नाही. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना कापड लागतं, छपराचा खांब जागेवर आहे, आणि धंदा पूर्वीपेक्षा बरा आहे, कारण 'अजून'ची दुसरी छपाई आली आहे. या खेपेला गिरणीने शब्दच खाली छापला आहे, उद्गारचिन्हासह. त्यामुळे कापड थोडं पडून राहिलं. मग शिंप्यांनी तोडगा काढला. शिवताना ते उद्गारचिन्ह बरोबर शिवणीत जातं. त्यांना तसं कुणी सांगितलेलं नाही.

बाजारावर मात्र एक नवं काम आलं आहे. सत्ता शुक्रवारी आली म्हणून दर शुक्रवारी दुकानं उघडण्याआधी चर्चच्या फाटकासमोर झेंडा चढतो, आणि देशाला घोषणा देणारा बाजार म्हणून आग्लोमेच्या कापडवाल्यांनी झेंड्याखाली ती तीनदा द्यायची असते. कमांडंट नाबेदे स्वतः उभे असतात. बाईसाहेबही कधीकधी येतात. त्या म्हणतात तेव्हा ते समोर बघत राहतात.

आज गुरुवार. अयाबा जनरलसाहेबांची शेवटची घडी बांबूने सरळ करते आणि पहिल्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बसते. पाठीमागून देदे विचारते, "थोरले, चर्चकडचे खिळे उद्या मोकळे मिळतील ना?" अयाबा त्या बाजूच्या ताग्यांकडे बघते; संध्याकाळी घरी जाण्याआधी ते तिलाच उतरवून ठेवायचे आहेत.

उद्या शुक्रवार आहे. झेंडा सव्वासातला चढेल आणि बाजार आठ वाजता उघडेल.